मशीन शॉपमधला रॅम्प, शौचालय आणि ‘डीकेई सीकेडीएच’: सात महिन्यांच्या नोंदी

आमचं मशीन शॉप कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहे. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, मशिनिंग करून आम्ही पुढे पाठवतो. दोन शिफ्ट, ४६ माणसं, त्यांत पॅकिंगला सहा बायका. हजेरी, पगार, भरती आणि ज्याला कुणी धनी नाही ते प्रत्येक काम माझ्याकडे. दिव्यांग माणसांना इथे काम करता यावं म्हणून काय काय केलं, त्याच्या या नोंदी वहीत होत्या. आमच्याएवढ्याच एखाद्या युनिटला हेच करायचं असेल तर कामाला येतील म्हणून टंकून ठेवतेय. आकडे आमच्या बिलांचे आहेत.

२ डिसेंबर २०२४

आमचे हिशेबनीस, सगळ्यांचे अण्णा, बावीस वर्षं इथे आहेत. मार्चमध्ये हायवेला अपघात झाला, कमरेखालची ताकद गेली. ऑगस्टपासून घरून फोनवर आणि लॅपटॉपवर काम बघतात. परवा म्हणाले, “घरात बसवून पगार देताय, आता ते उपकार वाटायला लागलेत. मला माझ्या टेबलाकडे यायचंय.”

मालक म्हणाले, बघा काय लागतंय ते. त्याच आठवड्यात ग्राहक कंपनीच्या ऑडिटची प्रश्नावली आली आणि तिच्यात ‘समान संधी धोरण आहे का?’ असा रकाना होता. खरं लिहायचं तर पैसे या रकान्यामुळे लवकर सुटले.

९ डिसेंबर

धोरण एका दुपारी तयार केलं. म्हणजे इंटरनेटवरून एका मोठ्या कंपनीचं उचललं आणि नाव बदललं. मालकांनी सहीआधी वाचलं (हे अनपेक्षित होतं) आणि विचारलं, “आपली लिफ्ट कुठाय? आणि हे कॅफेटेरिया काय?” फाडून टाकलं.

मग मी दिव्यांग हक्क कायदा २०१६ आणि त्याचे २०१७चे नियम काढून बसले. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने धोरणात लिहायचं ते थोडक्यात असं: कोणत्या सोयी देणार, कोणती पदं दिव्यांगांना योग्य, निवड कशी होणार, प्रशिक्षण-बढतीत काय, कोणती साधनं देणार, आणि संपर्क अधिकारी कोण. संपर्क अधिकारी मी झाले, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ‘कोणती पदं योग्य’ हा रकाना रिकामा ठेवला. अंदाजाने भरायचा नाही एवढी अक्कल तोवर आली होती. रॅम्पच्या बाबतीत आली नव्हती.

१६ डिसेंबर

ऑफिसचं जोतं दीड फूट. शेजारच्या फॅब्रिकेटरकडून चेकर्ड प्लेटचा लोखंडी रॅम्प करून घेतला. आठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद, ₹१४,२००. दोन दिवसांत बसला. फोटो काढून अण्णांना पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला. तो अंगठा मी होकार समजले.

२३ डिसेंबर

अण्णा पहिल्यांदा आले. स्कूटरला बाजूची दोन चाकं लावून घेतली आहेत, तिथून चाकांच्या खुर्चीवर त्यांचे ते बसले. रॅम्पवर निम्म्यापर्यंत चढले आणि खुर्ची मागे यायला लागली. दोघांनी धरली, ढकलत वर नेली. वर पोचल्यावर दाराच्या चौकटीला त्यांच्या दोन्ही हातांची बोटं सोलवटली, कारण दार अडीच फुटी. कुणीच काही बोललं नाही. संध्याकाळी उतरताना तिघं लागले.

जाताना म्हणाले, “पोतं चढवल्यासारखं चढवलं मला. असं रोज नको.”

मग मी टेप घेऊन बसले. नियम बाराला एकचा आहे. आमच्या भाषेत, एक इंच उंचीला एक फूट लांबी. अठरा इंच जोतं म्हणजे अठरा फूट रॅम्प. आम्ही आठ केला होता, म्हणजे सव्वापाचाला एक. इथे शंभरातला एक भाग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने चुकला तर आम्ही लॉट परत पाठवतो, आणि हे कुणी मोजलं नाही. फॅब्रिकेटरचा दोष नाही. त्याला मी सांगितलं होतं, “आठ फुटात बसव.”

३० डिसेंबर

अण्णांना व्हिडिओ कॉल केला. या कामातला पहिला सरळ प्रश्न आज विचारला: “तुम्हाला काय काय लागेल?” बारा मिनिटं लागली. यादी: चढ एकट्याने चढता यावा, दार तीन फुटी आणि सरकतं, उंबरा काढावा, टेबलाखालचा ड्रॉवर काढावा म्हणजे गुडघे आत जातील, आणि शौचालय. शौचालयाबद्दल बोलताना त्यांनी कॅमेरा बंद केला. का, ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. त्या विषयावर पुढचं बोलणं आमच्या एका शिफ्ट सुपरवायझरांनी केलं.

६ ते २४ जानेवारी २०२५

काँक्रीटचा रॅम्प. समोर गटारापर्यंत पंधराच फूट आहेत, म्हणून काटकोनात वळवला: नऊ फूट चढ, वळणावर पाच बाय पाच फुटांची सपाट जागा, परत नऊ फूट, आणि दारापुढे पुन्हा पाच फूट सपाट. दारापुढची सपाट जागा गवंडी वगळायला निघाला होता. ती नसेल तर दार सरकवताना एक हात दाराला आणि एक चाकाला, आणि खुर्ची मागे.

काँक्रीट ओलं असताना वर झाडूने आडव्या रेषा ओढल्या, चाक घसरू नये म्हणून. कडेला चार इंची कठडा, दोन उंचींवर कठड्याचे पाइप. पाइप आम्हीच वाकवून वेल्ड केले. सगळं मिळून ₹६३,०००. लोखंडी रॅम्प भंगारात ₹३,९०० ला गेला.

गेलेला वेळ: सात दिवस पाणी मारायचं होतं, पाचव्या दिवशी दुसऱ्या शिफ्टच्या पोरांनी त्यावर मोटारसायकली लावल्या. एक कड तुटली. खांब रोवून साखळी लावली, तर साखळीची किल्ली सिक्युरिटीकडे राहायला लागली आणि अण्णांना रोज हाक मारायची वेळ आली. साखळी काढली, पिवळे पट्टे मारले, आणि मालकांनी दोन गाड्यांची हवा स्वतः सोडली. त्यानंतर एकही गाडी लागली नाही.

३ फेब्रुवारी

अण्णा एकटे चढले. टाळ्या वाजवायच्या नाहीत असं सगळ्यांना आधीच बजावलं होतं. वाजवल्या नाहीत.

५ फेब्रुवारी

ट्रॉलीवाल्यांना रॅम्प आवडला. पॅकिंगच्या पेट्या पूर्वी पायऱ्यांवरून उचलायचे, आता रॅम्पवरून ढकलतात. दोन दिवसांत रॅम्पवर कूलंटचे ओघळ. ऑइलमिश्रित पाणी झाडूच्या रेषांत बसतं आणि पुसून जात नाही. अण्णांची खुर्ची आज वळणावर घसरली, कठड्यामुळे वाचली. ट्रॉलीला बंदी. त्यावरून कुरबूर झाली आणि ती खोटी नव्हती, कारण पाठी त्यांच्या दुखतात. मालाच्या दाराला तात्पुरती लाकडी फळी टाकून दिली. तिचं कायमचं काम अजून बाकी आहे.

१० फेब्रुवारी

शौचालय. ही माझी या सगळ्यातली मोठी चूक.

खाली कमोडची जागा एकच होती, ती बायकांची. खोली मोठी आहे, म्हणून ठरवलं की ती दोघांत वाटू. बाहेर ‘दिव्यांग/महिला’ अशी पाटी लावली. मी स्वतः बाई असून मला हे सुचलं, याचं अजून आश्चर्य वाटतं.

पॅकिंगच्या मावशी ऑफिसात आल्या. त्यांचे शब्द तसेच लिहिते: “अण्णास्नी द्या की, कोण नको म्हणतंय? पण आम्ही सहाजणी आन् एक भांडं, ते बी तुम्ही वाटून घेटलासा. आमी दिवसभर पाणी न पिता ऱ्हायचं का?” नंतर कळलं की दोघी आधीपासूनच कमी पाणी पितात, कारण पुरुषांच्या रांगेसमोरून जावं लागतं. सहा वर्षं मी इथे आहे.

पाटी काढली.

११ फेब्रुवारी ते ७ मार्च

जुन्या टूल स्टोअरची खोली रिकामी केली. गंजलेली फिक्श्चर (मशीनवर भाग पकडायचे साचे) हलवायला चार दिवस. ती कुणाचीच नव्हती आणि फेकायला कुणी सही देईना. खोलीत नवं शौचालय, आणि त्याच खर्चात बायकांच्या शौचालयाचं दार मागच्या बोळातून फिरवलं.

काय चुकलं ते क्रमाने:

दार आत उघडणारं बसवलं. खुर्ची आत गेल्यावर दार लागेना. काढून बाहेर उघडणारं केलं.

बेसिन कमोडच्या डाव्या बाजूला. अण्णा खुर्ची डाव्या बाजूला लावून कमोडवर सरकतात. म्हणजे त्यांची वाट बेसिनने अडवलेली. प्लंबर म्हणाला, “सगळीकडे असंच असतं.” असतं खरं. बेसिन समोरच्या भिंतीला गेलं, फरशी दोनदा फुटली, ₹७,४००.

आधाराचा दांडा, ३८ मिलिमीटर स्टेनलेस पाइप, आम्हीच तयार केला आणि त्याचा अभिमानही वाटला. भिंतीत प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकून स्क्रू मारले. भिंत साडेचार इंची. मी हाताने ओढून बघितला, पक्का वाटला. सुपरवायझर ऐंशी किलोचे आहेत, त्यांनी लटकून बघितलं आणि दांडा टाइलसकट हातात आला. हे अण्णांच्या आधी झालं म्हणून लिहिताना हात थरथरत नाही. आता आरपार बोल्ट आहेत, भिंतीच्या मागे सहा मिलिमीटरची लोखंडी प्लेट.

कमोड बाजारात मिळतो तो साधारण सोळा इंच. बैठक अठरा-एकोणीस इंचांवर हवी. खाली चौथरा बांधला.

खोलीत खुर्ची गोल फिरायला पाच फूट वर्तुळ लागतं. ते आम्ही खडूने आखून बघितलं होतं. एवढं एक पहिल्या फटक्यात बरोबर आलं.

एकूण ₹१,१२,०००. ठरवले होते साठ.

१७ मार्च

खरेदी विभागात जागा होती. पुरवठादारांना फोन, मालाचा पाठपुरावा, एक्सेलमध्ये नोंद. अर्जांत एक मुलगा बी. कॉम., पूर्ण अंध. मी त्याला छापील प्रश्नपत्रिका दिली. तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, फाइल पेनड्राइव्हवर द्याल का?” दिली. ती स्कॅन केलेली निघाली, म्हणजे नुसतं चित्र. शेवटी मी प्रश्न वाचले आणि त्याने टाइप केली उत्तरं, माझ्यापेक्षा वेगाने.

सात तारखेपासून ये म्हटलं.

७ एप्रिल

खरेदीतल्या नव्या मुलाच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी उभं केलं. मराठी आवाजही त्यात मिळतो, थोडा यंत्रमानवी आहे. खर्च शून्य, हेडफोन ₹९५०. मला वाटलं, झालं काम.

मग त्याने आमचं स्टॉकचं एक्सेल उघडलं. शेरा रकान्यात ‘काम बाकी’ लिहिलेलं. त्याच्या कानात आलं: “डीकेई सीकेडीएच.”

आम्ही गेली कित्येक वर्षं मराठी शेरे कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतोय. आतमध्ये मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरं आहेत. फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. ‘क’ म्हणजे डी, काना म्हणजे के, ‘म’ म्हणजे ई. डोळ्याला काम, कानाला डीकेई. दिवसभर ऑफिसात सगळे एकमेकांना “डीकेई झालं का?” विचारत होते. सगळ्यात जास्त तोच हसला. पण त्या दिवशी त्याने एकही ओळ काम केलं नाही, करताच येत नव्हतं.

८ ते १९ एप्रिल

तीन वर्षांच्या शीट युनिकोडमध्ये आणल्या, म्हणजे आतली अक्षरंही मराठीच. कन्व्हर्टर नव्वद टक्के काम करतो असं वाटतं, आणि उरलेलं शोधण्यातच दिवस जातात. पहिली वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे जिथे मूळ टायपिंग गचाळ होतं तिथे वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटली. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं. आणि भागांचे नंबर! काही खणांत नंबरही कृतिदेवमध्येच होते, काही साध्या इंग्रजीत, आणि मी अख्खा रकाना कन्व्हर्टरमधून काढला. चांगले ‘डीके’ने सुरू होणारे पार्ट नंबर ‘का’ने सुरू व्हायला लागले. मूळ प्रत ठेवली होती म्हणून नोकरी राहिली. आधी रकाना फॉन्टनुसार गाळून घ्या, मग बदला.

फॉन्ट बदलून भागलं नाही. आमच्या शीटमध्ये लाल रंग म्हणजे माल आलेला नाही, पिवळा म्हणजे अर्धा आला. रंग त्याला काय कळणार? ‘स्थिती’ असा एक रकाना वाढवला. वरची शीर्षकं देखणी दिसावीत म्हणून एकत्र केलेले खण सोडवले, कारण त्यांत त्याचं वाचक-सॉफ्टवेअर रकाना चुकतं. फाइलींची नावं ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘फायनल २’ होती. ती त्याच्याइतकीच आम्हालाही कळत नव्हती.

खर्च: माझे दहा दिवस. त्या महिन्याच्या ओव्हरटाइमचा हिशेब उशिरा झाला आणि शिव्या मला पडल्या.

जे जमलं नाही: पुरवठादार हाताने लिहिलेल्या चलनाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. छापील मराठी ओळखणारी सॉफ्टवेअर्स बरी चालतात, पण आमच्या पुरवठादारांचं अक्षर माणसांनाही लागत नाही. रोज दुपारी चारला अण्णा त्याला पंधरा मिनिटं चलनं वाचून दाखवतात. तो त्या बदल्यात त्यांचे वसुलीचे फोन करतो. हे मी ठरवलेलं नाही.

२८ एप्रिल

आयटीआय झालेला कर्णबधिर मुलगा व्हीएमसीवर (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन) घेतला. मशीनला लाल-पिवळा-हिरवा दिवा आधीच होता, तेवढ्यावर मी निर्धास्त.

सूचना लिहून देऊ असं धरलं होतं. ते चुकलं. त्याची पहिली भाषा खुणांची आहे. लिहिलेली मराठी त्याला आम्हाला कानडी यावी इतपत येते. थोडीफार, आणि व्याकरण वेगळंच. मी चिठ्ठीवर ‘ऑफसेट बदलल्याशिवाय सायकल चालू करू नकोस’ लिहिलं (ऑफसेट म्हणजे टूलच्या मापाचा मशीनला द्यायचा आकडा). त्याने ऑफसेट, बदल, चालू एवढं उचललं. दोन भाग रिजेक्ट, एक टूल तुटलं, ₹४,६००.

एक दिवस दुभाषी बोलावल्या. सगळ्यांनी उत्साहाने वीस खुणा शिकल्या आणि सोमवारपर्यंत विसरल्या, ‘चहा’ सोडून. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात दहा हजार शब्दांचे व्हिडिओ आहेत, पण ‘टूल ऑफसेट’ त्यात कुठून असणार? शेजारच्या मशीनचा ऑपरेटर आणि तो, दोघांनी मिळून खुणा बनवल्या. त्या मोबाइलवर चित्रित करून ठेवल्या, आजवर एकतीस. प्रत्येक नव्या जॉबचं सेटिंग आता कागदावर न देता व्हिडिओवर देतो. दुसऱ्या शिफ्टचे ऐकू येणारे ऑपरेटरही तेच बघतात.

२२ मे

आगीची रंगीत तालीम. भोंग्याबरोबर चमकणारे दिवे शॉपमध्ये बसवले होते, ₹११,०००. सगळे बाहेर आले, हजेरी घेतली, एक कमी. व्हीएमसीवरचा कर्णबधिर मुलगा शौचालयात होता. तिथे दिवा नव्हता. नऊ मिनिटांनी आरामात हात पुसत बाहेर आला आणि रिकामं शॉप बघून घाबरला. आम्हीही.

दिवा शौचालयात, स्टोअरमध्ये आणि कँटीनच्या जिन्यात लावला. शिवाय एकाला एक असा जोडीदार ठरवला. अण्णांसाठी दोघं, कारण रॅम्पच आगीच्या वाटेत आला तर दुसरा उतार नाही. याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

२ जून

कँटीन वरच्या मजल्यावर. लिफ्टचा अंदाज मागवला, आकडा बघून मालकांनी कागद उलटा ठेवला. अण्णा टेबलावर एकटे डबा खातात. पहिले तीन दिवस सगळे खाली येऊन बसले, चौथ्या दिवशी वर पंखा आहे म्हणून गेले. यात कुणाचं काही वाईट नाही, गरम होतंच. खालचं रेकॉर्ड रूम वर आणि कँटीन खाली असा बदल सुचवला आहे. फायली हलवायला कुणी तयार नाही. त्या फायली अण्णांच्याच आहेत आणि ते म्हणतात, “हलवा, पण क्रम बिघडला तर मी वर येऊ शकत नाही.”

धोरणातला ‘योग्य पदं’चा रकाना आज भरला. ‘सर्व’ लिहिणार होते, पण क्रेनच्या कामाबद्दल मला खात्री नव्हती, म्हणून क्रेन सोडून बाकीची सगळी पदं नावाने लिहिली. धोरण मराठीत छापून सूचना फलकावर खाली, बसून वाचता येईल इतक्या उंचीला लावलं. फाइल खरेदीतल्या मुलाला पाठवली. त्याने दोन शुद्धलेखनाच्या चुका कळवल्या. प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तालयाकडे पुण्याला पाठवायची, ती या आठवड्यात जाईल.

१६ जून

पाऊस लागला. रॅम्पच्या पायथ्याशी पाणी साचतं, कारण आवाराचा उतार तिकडेच आहे. पाणी गटारात जावं म्हणून मेमध्ये लोखंडी जाळी टाकली होती. आज अण्णांच्या खुर्चीचं पुढचं छोटं चाक जाळीच्या फटीत गेलं आणि ते पुढे झुकले. फटी चाकाच्या दिशेने आहेत, आडव्या हव्या होत्या. त्यांनी स्वतःला सावरलं, शर्ट भिजला, आणि मला खिडकीतून हाक मारून म्हणाले, “टेप घेऊन ये, ह्या वेळी मी धरतो.”

मोजलं. जाळी काढून नव्वद अंशात फिरवायची, फट अर्ध्या इंचाच्या आत. वेल्डर गुरुवारी येतोय. तोवर वर रबरी मॅट टाकली आहे.